मापाच्या वहीतलं दुखणं: शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचं प्रकरण

सुनंदाताई हे नाव खरं नाही. गाव, घरची माणसं आणि काही तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे. मी फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून दोन दिवस तालुक्याच्या गावी एका लहानशा वेदना-उपचार केंद्रात बसते. तिथले डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञ आहेत, आणि एक मानसतज्ज्ञ सहकारी दर गुरुवारी पुण्याहून व्हिडिओवर असतात. या प्रकरणात आमच्या हातून एक सरळ चूक झाली, आणि तीच सगळ्यात जास्त शिकवून गेली. म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

पार्श्वभूमी

वय ४३. घराच्या पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीन. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत हाताला उसंत नाही. मिस्टर सूतगिरणीत पाळीवर, मुलगी बारावीत, सासूबाई घरात. आमच्याकडे आल्या त्या आषाढात. त्याआधी १४ महिने, ऐन लग्नसराईत, रिक्षातून कापडाचा गठ्ठा उतरवताना कंबरेत उसण भरली होती.

उसण बहुधा काही आठवड्यांत उतरते. ही उतरली नाही. चार महिन्यांनी एमआरआय झाला. अहवालात एल ४-एल ५ या ठिकाणी (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे गादी जराशी फुगलेली, आणि ‘डिजनरेटिव्ह’ बदल लिहिले होते. भाच्यानं मोबाइलवर शब्दाचा अर्थ काढून दिला: ऱ्हास. घरापर्यंत पोचेस्तोवर त्याचं ‘मणके झिजले, गादी सरकली, नस दबतेय’ झालं. पलीकडच्या गल्लीतल्या एक मावशी कंबरेच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. सुनंदाताईंच्या डोक्यात त्यांचा पलंग येऊन बसला तो हललाच नाही.

मग नेहमीची फेरी: गोळ्या, पट्टा, वजन लावणं, शेक, मालिश, कुणीतरी सांगितलेला काढा. तीन डॉक्टर झाले. तिसरे म्हणाले, ‘तुम्ही फार विचार करता, ताई.’ बोलण्यात खोट नव्हती. पण ताईंनी ऐकलं ते असं, की ही बाई नाटक करते. त्या डॉक्टरांकडे त्या परत गेल्या नाहीत.

अडचण नेमकी कुठं होती

तपासणीत काळजीचं काही सापडलं नाही. पायातली ताकद, संवेदना, रिफ्लेक्स ठीक. पाय सरळ उचलला तरी कळ खाली उतरत नव्हती. ताप नाही, वजन घटलेलं नाही, लघवी-शौचाची तक्रार नाही. वाका म्हटल्यावर मात्र हात गुडघ्यापाशी थांबले आणि श्वास अडकला. पाच मिनिटांनी पर्समधून मापाची टेप खाली पडली. बोलता बोलता त्यांनी वाकून ती उचलली आणि गुंडाळून परत ठेवली.

अशा क्षणी ‘पकडलं’ असं वाटणारे लोक आमच्या पेशात आहेत. ते चुकतात. टेप उचलताना लक्ष बोलण्यात होतं, वाका म्हटल्यावर ते कंबरेवर गेलं. धोका आहे असं ठरवून शरीराकडे पाहिलं की स्नायू आधीच आवळतात, आणि मेंदूकडे येणाऱ्या संदेशांना जास्त वजन मिळतं. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारे मार्ग दुखणं दाबूही शकतात आणि वाढवूही शकतात. सतत भीती असली की पारडं वाढवण्याकडे झुकतं. दोन्ही वेळा कंबर तीच होती आणि दुखणंही खरंच होतं.

मी विचारलं, ‘रात्री जाग आली की डोक्यात काय चालतं?’ उत्तर पंधरा मिनिटं चाललं. तो गठ्ठा उचललाच नसता तर. मिस्टरांना थांबा म्हटलं असतं तर. पहिल्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवलं असतं तर. मशीन बंद पडलं तर मुलीची फी कुठून. पुढं पलंग धरला तर सासूबाईंचं कोण करणार. आणि फिरून गठ्ठा. रोज पहाटे तीनला हे सुरू व्हायचं, पाचला दूधवाला येईपर्यंत.

अर्धे विचार मागचे, अर्धे पुढचे. मागचे उगाळणं आणि पुढची काळजी या मानसशास्त्रात बराच काळ दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात. अलीकडे त्यांच्याकडे एकाच सवयीची दोन रूपं म्हणून पाहतात: विचार तेच ते असतात, न बोलावता येतात, सोडवता सुटत नाहीत आणि शेवटी हाती काही देत नाहीत. विषय दुय्यम, फिरणं मुख्य. आपल्याकडे यासाठी रवंथ हा नेमका शब्द आहे, फरक इतकाच की गाईच्या रवंथानं चारा पचतो.

वेदनेबद्दलच्या विचारांसाठी १९९५ साली मानसशास्त्रज्ञ सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १३ प्रश्नांची एक मोजपट्टी केली. गुण ० ते ५२. त्यातले चार प्रश्न निव्वळ रवंथाचे, तीन दुखणं मोठं करून पाहण्याचे आणि सहा हतबलतेचे. तीसच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. सुनंदाताईंचे ३८ आले, आणि रवंथाच्या चार प्रश्नांत १६ पैकी १४. प्रश्न मीच बोलीभाषेत समजावून विचारले होते, त्यामुळे आकडा काटेकोर धरू नये. इंग्रजीत या प्रकाराला ‘कॅटॅस्ट्रोफायझिंग’ म्हणतात. रुग्णासमोर मी तो शब्द काढत नाही. मराठीत त्याचा ‘राईचा पर्वत’ होतो, आणि तो शिवीसारखा लागतो.

समोर असलेले पर्याय

पुन्हा एमआरआय. ही ताईंची मागणी. पण तपासणीत नवं काही नव्हतं, आणि पहिल्याच अहवालानं पुरेसं नुकसान केलं होतं. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांची स्कॅनची चित्रं पाहिली गेली. चाळिशीच्या लोकांत ६८ टक्क्यांना डिस्कची झीज आणि ५० टक्क्यांना बल्ज होता. ही माहिती त्यांना १४ महिन्यांत कुणीच दिली नव्हती.

मणक्यातलं इंजेक्शन. पायात उतरणारी कळ नव्हती, म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं.

औषध. ड्युलॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध जुन्या कंबरदुखीतही देतात. डॉक्टरांनी कमी मात्रेत सुरू केलं.

मानसोपचारासाठी मोठ्या शहरात पाठवणं. कागदावर हे योग्य होतं. पण ‘नाटक’ हा शब्द ताज्या जखमेसारखा असताना चिठ्ठी दिली असती, तर चिठ्ठी शहरात पोचली नसती आणि ताई आमच्याकडे परत आल्या नसत्या. म्हणून ठरलं की व्यायाम माझ्याकडे आणि मानसतज्ज्ञ गुरुवारी त्याच खोलीत, माझ्याच मोबाइलवर. बसायला वेगळी खुर्चीसुद्धा नाही. हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

पहिले दोन आठवडे, आणि चूक

प्रत्येक नव्या रुग्णाला देतो तसा मी त्यांनाही वेदनेच्या नोंदींचा छापील कागद दिला: वेळ, काय करत होता, दुखणं शून्य ते दहा. कागद लहान पडतो म्हणून त्यांनी मापाची वही उलटी करून मागच्या पानांवर नोंदी सुरू केल्या.

पंधरा दिवसांनी वही आणली. पुढून उघडली की गिऱ्हाइकांची मापं: छाती ३६, कंबर ३२, उंची १४, बाही ९. मागून उघडली की: सकाळी ७.१०, कंबर ७. ७.४०, कंबर ७, भांडी घासली म्हणून? ८.१५, कंबर ८, काल उशीरा झोपले म्हणून? रात्री ३.०५, कंबर ८, का? दोन आठवड्यांत १४० नोंदी. बहुतेकींपुढे प्रश्नचिन्ह. अक्षर दोन्हीकडे सारखंच नेटकं.

सरासरी दुखणं ७ वरून ८ वर गेलं होतं आणि झोप चार तासांच्या खाली. मला वाटलं रुग्ण मनापासून सहकार्य करते आहे, म्हणून मी शाबासकीही दिली. हे लिहिताना लाज वाटते.

त्याच गुरुवारी सहकाऱ्यांनी पानं कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. दोन पानं पाहून म्हणाले, ‘तुम्ही त्यांना रवंथासाठी वही दिलीत.’

मग त्यांनी मला जे समजावलं ते असं. काळजी करणाऱ्याला आपण काळजी करतोय असं वाटत नाही, आपण उपाय शोधतोय असं वाटतं. विचार थांबवले तर उपाय हुकेल ही भीती असते. पण शोधायचा प्रश्न जर ‘दुखणं शून्यावर कसं आणू, कारण कोणतं’ असाच मांडला असेल आणि त्याला उत्तर नसेल, तर मन पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. क्रिस्टोफर एकलस्टन आणि खिर्ट क्रॉम्बेझ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये जुन्या वेदनेतल्या काळजीची हीच मांडणी केली: उपायशोधनच, पण चुकीच्या दिशेनं. आमच्या कागदानं ताईंना त्याच दिशेला दिवसातून दहा वेळा ढकललं होतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी निघाली. बोलता बोलता ताई म्हणाल्या, ‘असं जगण्यापेक्षा सुटले तर बरं.’ सहकाऱ्यांनी विषय बदलला नाही. मरणाचे विचार येतात का, काही करायचं मनात आलं का, थेट विचारलं. विचार येत होते, बेत नव्हता. मिस्टरांना, ताईंच्या संमतीनं, त्याच दिवशी फोन केला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघांनाही दिला, आणि पुढची भेट आठवड्याऐवजी तीन दिवसांवर घेतली. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

औषधाचंही बिनसलं होतं. दुकानदारानं गोळी देताना ‘डिप्रेशनची आहे’ म्हटलं. चार दिवसांनी ताईंनी ती परस्पर बंद केली आणि आम्हाला सांगितलं नाही. चूक आमचीच. गोळी कशासाठी हे दुकानदाराच्या आधी आम्ही सांगायला हवं होतं.

मग काय बदललं

मागच्या पानांवरचे आकडे बंद. त्याऐवजी रात्री एकच ओळ: आज काय केलं. कंबर हा शब्द त्या ओळीत आणायचा नाही. पहिल्या आठवड्यात तीन वेळा आला आणि तीन वेळा खोडलेला दिसला.

संध्याकाळी पाच ते पाच वीस काळजीची वेळ. ओट्यावर बसून, घड्याळ समोर ठेवून, जितकी करायची तितकी. पहाटे तीनला विचार आला तर त्याला ‘पाचला ये’ म्हणायचं. ऐकायला पोरकट वाटतं. मलाही वाटलं होतं. ताईंनी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, ‘मॅडम, पाचला बसते आणि काही सुचतच नाही. मग मिरच्या निवडते.’ रोज असं झालं नाही. काही रात्री तीनचा विचार पाचचं ऐकत नव्हता.

तिसरी गोष्ट प्रश्नच बदलण्याची. ‘माझ्याच वाट्याला का’ याला तळ नाही. ‘उद्या सहा ब्लाऊज द्यायचे आहेत, कापणी कधी, शिलाई कधी, मध्ये कुठं उठायचं’ याला उत्तर असतं. सहकारी म्हणत, ‘का’ आला की त्याच्या जागी ‘कसं’ ठेवून बघा, आणि ‘कसं’ इतकं बारीक करा की हातानं करता येईल. इथं ताईंनी आमच्या पुढचं पाऊल टाकलं. मी त्यांना मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावायला सांगितलं होतं. गजर वाजला की दुखणंच आठवायचं. त्यांनी तो बंद केला आणि बॉबिन अर्धीच भरायला लागल्या. बॉबिन संपली की उठायचं, दोन फेऱ्या मारायच्या, उभ्यानं बॉबिन भरायची. दुखतंय म्हणून उठायचं नाही आणि दुखत नाही म्हणून ताणायचंही नाही. आधी त्या बऱ्या दिवशी सलग चार तास बसायच्या आणि मग दोन दिवस आडव्या व्हायच्या. हे मोडायला मी व्यायामाचे चार कागद खर्च केले असते. बॉबिननं ते फुकटात केलं.

दुखणं समजावतानाचा शब्दही त्यांनीच दिला. मी मज्जासंस्था, संवेदनशीलता असं काहीबाही सांगत होते. त्यांनी मध्येच थांबवलं: ‘म्हणजे कापड फाटलेलं नाही. वरच्या दोऱ्याचं टेन्शन घट्ट झालंय, म्हणून टाका ओढला जातोय.’ मशीनवरच्या चकतीला टेन्शनच म्हणतात, आणि ते घट्ट असलं की चांगल्या कापडालाही चुण्या पडतात. तेव्हापासून मी हे उदाहरण इतरांना देते, शिवणकाम येत असो वा नसो. फक्त एक सांगते की चकती एका फेऱ्यात सैल होते, मज्जासंस्थेला महिने लागतात.

घरच्यांशी एकदा बसलो. सगळे चांगले, आणि सगळे तासातासाला ‘आता कसं आहे?’ विचारत. मिस्टर हातातली कळशी काढून घेत. सासूबाईंचं एकच पालुपद: ‘उठू नको गं.’ मुलीला सांगितलं, कंबर सोडून काहीही विचार. ती दुसऱ्या दिवसापासून गणितं विचारायला लागली, जी आईला येत नव्हती, आणि त्यावर हसणं झालं.

गठ्ठा शेवटी. दोन किलो कापडापासून सुरुवात, पट्टा न लावता, माझ्यासमोर. दर आठवड्याला थोडं वाढवत.

नवव्या आठवड्यातला पेच

गौरी-गणपतीची गर्दी. दोन रात्री जागून शिलाई झाली, बॉबिन पुन्हा पूर्ण भरली गेली आणि कंबर धरली. ताई आल्या त्या मिस्टरांच्या खांद्यावर हात टाकून. ‘आता तरी एमआरआय काढा.’

डॉक्टर जवळजवळ चिठ्ठी लिहीत होते. समोर रडणारी बाई, बाहेर बसलेले वीस रुग्ण. चिठ्ठी हा सगळ्यात छोटा रस्ता. आम्ही आधी पूर्ण तपासणी पुन्हा केली. नवं काही नव्हतं. मग ठरवलं की ‘नको’ एवढंच म्हणायचं नाही, कधी काढू तेही सांगायचं: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, ताप आला, कारण नसताना वजन उतरलं, तर थांबायचं नाही. मी हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं. अमर्याद भीतीला कुंपण पडेल, हा हिशेब.

कुंपण पडलं, पण पंधरवड्यानं कळलं की ताई रोज रात्री पायाला चिमटे काढून बधिरपणा तपासत होत्या. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इथं यादी मीच पुरवली होती. पुठ्ठा फाडला, कागद मिस्टरांच्या पाकिटात गेला, आणि तपासणं आठवड्यातून एकदा, माझ्याकडे, यावर तडजोड झाली.

काय झालं

सहा महिन्यांनी सरासरी दुखणं ७ वरून ५ वर. गेलेलं नाही. प्रश्नावलीचे गुण ३८ वरून २१. झोप चार तासांवरून साधारण सहा. मशीनवर दिवसाला दीड तास बसणं व्हायचं ते साडेचार तासांवर आलं, तुकड्यातुकड्यांत. पट्टा कपाटात. मरणाचे विचार तिसऱ्या महिन्यानंतर नाहीत. सहकारी अजूनही दर भेटीत विचारतात. गोळी त्यांनी परत सुरू केली नाही आणि डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही.

दिवाळीत पुन्हा एकदा कंबर धरली, आठ दिवस. या वेळी फोन आला तो ‘काय झालं असेल’ विचारायला नाही, तर शुक्रवारची भेट सोमवारी करता येईल का हे विचारायला.

यातलं किती विचार बदलल्यानं, किती व्यायामानं, किती नुसत्या काळानं, हे एका प्रकरणावरून सांगता येणार नाही. दुखणं विचार वाढवतं आणि विचार दुखणं, हे दोन्ही बाजूंनी चालतं. मोठ्या प्रमाणावर पाहिलं तरी मानसिक उपचारांचा जुन्या वेदनेवरचा परिणाम लहानच दिसतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्याचा निष्कर्ष तसाच होता. ताईंचं दुखणं दोन गुणांनी उतरलं. त्यांच्या लेखी मोठी गोष्ट तीन जादा तासांची आहे, कारण त्यात मुलीची फी आहे.

आज केलं तर वेगळं काय

एमआरआयच्या अहवालाशी आम्ही पहिल्या भेटीत बसलो नाही, चौथ्या भेटीत बसलो. ‘डिजनरेटिव्ह’ हा शब्द तोवर वर्षभर घरात मुक्कामाला होता. आता कुणाचाही अहवाल मी रुग्णाबरोबर ओळ न् ओळ वाचते.

मिस्टरांना आणि सासूबाईंना सहाव्या आठवड्यात बोलावलं. दुसऱ्यात बोलवायला हवं होतं.

मानसतज्ज्ञांची ओळख मी ‘हे झोपेसाठी मदत करतील’ अशी करून दिली. ती अर्धसत्य होती. ताईंनी नंतर विचारलं, ‘हे वेड्यांचे डॉक्टर का?’ आणि मी गडबडले. सरळ सांगितलं असतं तर आठवडाभर रुसवा आला असता, एवढंच.

नोंदींचा छापील कागद केंद्रात अजून आहे. काहींना तो उपयोगी पडतो, विशेषतः ज्यांना आपण कधी ताणतो हेच कळत नाही त्यांना. फक्त देण्याआधी मी आता ‘रात्री जाग आली की डोक्यात काय चालतं?’ हा प्रश्न विचारते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. उत्तर दोन मिनिटांच्या पुढं गेलं तर कागद खणातच राहतो.